सिस्टरचा स्वभाव

१२ जानेवारी १९२४ची रात्र. येरवडा तुरुंगातून आणलेला एक कैदी ससून रुग्णालयात टेबलावर झोपवलेला होता आणि त्याचं आंत्रपुच्छ काढायला कर्नल मॅडॉक यांनी सुरी हाती घेतली होती. हा कैदी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. काही बरंवाईट झालं तर देश पेटेल, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच शस्त्रक्रियेला आपली संमती असल्याच्या निवेदनावर गांधींची सही आधी घेऊन ठेवली होती. ऐन मध्यावर वीज गेली. तिथे असलेल्या तीन परिचारिकांपैकी एकीने बॅटरी धरली. थोड्या वेळाने ती बॅटरीही विझली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. गांधींचे चरित्रकार लुई फिशर यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. मॅडॉक यांचं नाव त्यामुळे घरोघर पोचलं. बॅटरी धरणारीचं नाव फिशर सांगत नाहीत.

त्या काही मिनिटांत तिच्या छातीत किती धडधडलं असेल, ड्यूटी संपल्यावर तिला झोप लागली का, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर आली का, असं विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. तिचा हात स्थिर राहिला एवढं पुरेसं होतं. परिचारिका म्हटलं की पुढचे शब्द आपोआप येतात: शांत, सोशिक, हसतमुख, मायाळू. पुण्यातही तिची पारख दीडशे वर्षं याच शब्दांनी झाली. ती किती तास उभी असते यापेक्षा ती कशी आहे याची चर्चा अधिक झाली. स्वभाव ही या नोकरीची पात्रता कशी ठरली आणि त्याची किंमत कुणी मोजली, याचा माग ससूनच्या दगडी इमारतीपासून नायडू रुग्णालयापर्यंत काढता येतो.

ससून उभं राहिलं १८६७मध्ये. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याची देणगी, कर्नल विल्किन्स यांचा आराखडा आणि १४४ खाटा. देणगीदाराने इमारत पुरी झालेली पाहिली नाही. १८६४मध्ये पुण्यातच त्याचं निधन झालं आणि लष्कर भागातल्या लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. त्या काळी पेठांतल्या माणसाला या इमारतीचं आकर्षण कमी आणि धास्ती जास्त होती. आजारपण हे घरातलं काम होतं. औषध वैद्याचं, बाळंतपण सुइणीचं आणि पथ्यपाणी, शेकशेगडी, उशाशी जागरण हे घरातल्या बाईचं. परक्या माणसाचं अंग पुसणं, मळमूत्र काढणं हे जातीच्या आणि सोवळ्याच्या चौकटीत बसणारं काम नव्हतं. त्यामुळे इथल्या रुग्णालयांत सुरुवातीच्या प्रशिक्षित परिचारिका मुख्यतः युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती होत्या. त्यांच्याबरोबर ‘सिस्टर’ हा शब्द आला. तो मुळात धर्मसंस्थेतला. घरदार सोडून व्रत घेतलेल्या बाईचा. नोकरी करणाऱ्या बाईला व्रतस्थ बाईचं नाव मिळालं आणि नावाबरोबर अपेक्षाही चिकटल्या.

या अपेक्षांचा लेखी तक्ता लंडनमध्ये तयार झाला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने सेंट थॉमस रुग्णालयात १८६०मध्ये परिचारिकांची शाळा निघाली. तिथे प्रत्येक विद्यार्थिनीचा दरमहा एक कागद भरला जाई. कौशल्याचे रकाने होतेच, पण त्याआधी स्वभावाचे होते: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. पुढे उत्तमपासून शून्यापर्यंत शेरा. स्वभावाला गुण देणारी ही पद्धत नर्सिंगच्या शिक्षणात मुरली आणि ब्रिटिश साम्राज्याबरोबर जगभर गेली.

पण त्याच नाइटिंगेलबाईंचा दुसरा चेहरा आकडेमोडीचा होता. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. इथल्या लष्करी छावण्यांकडून मात्र त्यांनी छापील प्रश्नावलीची उत्तरं मागवली आणि १८६३च्या शाही आयोगापुढे हिशेब मांडला: गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर दरहजारी ६९. सैनिक कमकुवत मनाचे आहेत म्हणून मरतात, असं त्यांनी म्हटलं नाही. पाणी, गटारं, बराकीतली दाटी आणि हवा यांवर त्यांनी बोट ठेवलं. पुढे पुणे सार्वजनिक सभेशीही त्यांचा गावांच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार होता. दयाराम गिदुमल यांनी लिहिलेल्या समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या चरित्राला प्रस्तावना नाइटिंगेल यांची आहे. आणि क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या या बाईने स्वतःच्या आयुष्याची पुढची कित्येक वर्षं अंथरुणावर काढली. हातात दिवा घेतलेल्या चित्रात हे काहीच दिसत नाही. पुण्याच्या, खरं तर साऱ्या देशाच्या, मनात राहिला तो दिवा. आकड्यांचे तक्ते मागे पडले.

१८९७च्या प्लेगने रुग्णालयाची धास्ती दुणावली. प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली सोल्जर घराघरांत शिरले, संशयितांना उचलून प्लेगच्या इस्पितळात आणि सेग्रिगेशन कॅम्पात नेऊ लागले. तिथल्या कारभाराबद्दल पंडिता रमाबाईंनी जाहीर पत्र लिहून सरकारला धारेवर धरलं. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल निघालं. प्लेगच्या शुश्रूषेसाठी मुंबई इलाख्यात इंग्लंडहून परिचारिका मागवाव्या लागल्या, कारण इथे त्या पुरेशा नव्हत्याच.

शहराबाहेर, हडपसरच्या माळावर, डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे रुग्णांची सेवा करत. मुंढव्याच्या वस्तीतलं प्लेग झालेलं एक पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. आज नर्सिंगच्या कार्यक्रमांत ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते आणि ती सांगितली जावीच. मात्र ऐकणाऱ्या विद्यार्थिनीपर्यंत तिचा एक छुपा अर्थही पोचतो: चांगली परिचारिका स्वतःला राखून ठेवत नाही. ज्या शहराला प्रशिक्षित माणसं, गाड्या आणि माणुसकीने चालवलेली इस्पितळं पुरवता आली नाहीत, तिथे पासष्ट-सहासष्ट वर्षांच्या बाईला पोर पाठीवर घ्यावं लागलं, हा त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ क्वचितच सांगितला जातो.

मलबारी आणि गिदुमल या जोडीने १९०८मध्ये मुंबईत सेवासदन काढलं. पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. नाइटिंगेलच्या प्रस्तावनेतली माणसं आणि पुण्यातला नर्सिंगचा वर्ग यांच्यातला धागा असा जुळतो. रमाबाई स्वतः ससूनमध्ये रुग्णांना भेटायला जात, फळंफुलं नेत. तिथे बायकांची गरज काय आहे हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. सेवासदनने बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडायचं ठरवलं, तेव्हा पेठांत खळबळ उडाली. ब्राह्मण घरातल्या बायकांनी परजातीच्या, त्यातही परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा? रमाबाई आणि देवधर घरोघर समजावत फिरले.

आलेल्यांत विधवा बऱ्याच होत्या. त्या काळच्या समाजाने त्यांचं स्वागत कसं केलं, हे एका प्रसंगातून कळतं. सेवासदनच्या बक्षीस समारंभात केशवपन केलेली, अलवण नेसलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली आणि सभागृहातल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो उडवली. समारोपाला उठलेल्या रमाबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण किंवा आई असेल, मग तुम्हाला सुशिक्षित कसं म्हणायचं, असा त्यांचा रोख होता.

सेवासदनने या बायकांना हक्काचं शिक्षण दिलं, पगार दिला, स्वतःच्या नावाने ओळख दिली. एरवी कुणाच्या तरी माजघरात फुकट राबलेली बाई आता ठरलेल्या वेळी ड्यूटीवर जाऊ लागली. हे उपकार थोडे नाहीत. तरी एक गोष्ट निसटते. विधवा या कामाला योग्य, असं तेव्हा का वाटलं? तिला संसार नाही, म्हणून ती रात्रपाळी करू शकते. तिच्या मागण्या नाहीत, मिळेल त्यात ती भागवते. सोसण्याची तिला सवय आहे. हे गुण तिच्या स्वभावाचे मानले गेले. खरं तर ते तिच्या परिस्थितीने तिच्यावर लादलेले होते. पुढे परिचारिका बदलल्या, लग्न झालेल्या आल्या, मिशनच्या शाळांतून आल्या, केरळातून आल्या. परंतु ‘सिस्टरला स्वतःचं काही नसतं’ हे गृहीतक वॉर्डात तसंच राहिलं.

दरम्यान मोजदाद झाली तेव्हा चित्र भयंकर होतं. १९४६च्या भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळच्या अखंड हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. साधारण ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टरांचं प्रमाण सहा हजारांच्या आसपास माणसांमागे एक, म्हणजे तेही वाईटच, पण परिचारिकांच्या मानाने सातपट बरं. १९४७च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, अभ्यासक्रम एकसारखे होऊ लागले. पुण्यात १९१२मध्ये प्रसूतिगृह म्हणून सुरू झालेलं रास्ता पेठेतलं के. ई. एम. डॉ. बानू कोयाजींच्या काळात मोठं रुग्णालय झालं. १९४८मध्ये सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि १९६४मध्ये त्याचं नर्सिंग कॉलेज. सरकारी कागदावर स्टाफ नर्सची अधिपरिचारिका, इनचार्ज सिस्टरची परिसेविका आणि मेट्रनची अधिसेविका झाली. वॉर्डात मात्र सगळ्यांना एकच हाक: सिस्टर!

परिचारिकेच्या मनाकडे शास्त्राचं लक्ष जायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९५९मध्ये इझाबेल मेंझिस यांनी लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकाऊ परिचारिका मोठ्या संख्येने काम सोडून जात होत्या, तेही बऱ्याचदा चांगल्या विद्यार्थिनी. मेंझिस यांना दिसलं ते असं: मृत्यू, वेदना आणि दुसऱ्याचं उघडं शरीर यांच्या सतत सहवासातून येणारी भीती अंगावर येऊ नये, म्हणून रुग्णालयाने कामाची रचनाच तशी केली होती. एका परिचारिकेने एका रुग्णाची पूर्ण काळजी घ्यायची नाही, सर्वांची थोडी थोडी कामं करायची. रुग्णाला नावाने नव्हे, खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखायचं. मन वाचवण्यासाठी केलेल्या या युक्तीने मनाचं समाधानही हिरावून घेतलं.

पुण्यातल्या कुठल्याही वॉर्डात पाळी बदलताना ‘ओव्हर’ देण्याच्या वेळी उभं राहिलेल्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. बारा नंबरचं सलाईन, चौदा नंबरचं ड्रेसिंग, सात नंबर डिस्चार्ज. नव्या मुलीला रडू आलं की सीनियर सांगतात, “मनाला लावून घेऊ नकोस, सवय होईल.” हा सल्ला निष्ठुर नाही, तो देणारीही एके काळी लिनन रूममध्ये जाऊन रडलेली असते.

१९७४मध्ये न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात झपाटून काम करणाऱ्यांच्या विझून जाण्याला ‘बर्नआउट’ हे नाव दिलं. त्यांचं निरीक्षण पुण्यातल्या सेवाभावाच्या कल्पनेला छेद देणारं आहे: आधी विझतात ते कामचुकार नव्हेत, तर सगळ्यांत जास्त जीव ओतणारे. १९८१मध्ये ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी मोजमापाची पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात तीन खुणा आहेत. आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असं वाटू लागणं. म्हणजे नातेवाईक ज्या सिस्टरला ‘खडूस’ म्हणून मोकळे होतात, तिचा खडूसपणा स्वभाव असेलच असं नाही. ती दुसरी खूण असू शकते.

मग स्वभावाचा काहीच संबंध नाही का? आहे. लवकर घाबरणारी, घडून गेलेली गोष्ट मनात घोळवत राहणारी, स्वतःला दोष देणारी माणसं लवकर थकतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या परिचारिकांच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. माणसांत रमणाऱ्या, मन मोकळं करणाऱ्यांचा टिकाव तुलनेने बरा लागतो. सुझन कोबासा यांनी १९७९मध्ये टेलिफोन कंपनीतल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करून चिवटपणाचे घटक मांडले: कामाशी बांधिलकी, परिस्थिती काही अंशी आपल्या हातात आहे ही भावना आणि बदलाला आव्हान मानण्याची वृत्ती. पण हे अधिकारी होते. आपल्या कामाची वेळ, रजा, हाताखालची माणसं यांवर त्यांचा काही अधिकार चालत असे. महिन्याची ड्यूटी लिस्ट भिंतीवर लागल्यावर जिला दिवाळीत नाईट आहे की मुलाच्या परीक्षेत हे कळतं, तिने ‘परिस्थिती माझ्या हातात आहे’ ही भावना आणायची कुठून? चिवटपणा निम्मा माणसात असतो आणि निम्मा त्याच्या जागेत, हे इथे लक्षात येतं.

आकड्यांनीही ते दाखवलं. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांची पाहणी करून २००२मध्ये निष्कर्ष छापले: एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी. नाइटिंगेलच्या मागे पडलेल्या तक्त्यांची ही जणू पुढची पानं होती.

पुण्याने याचा अनुभव दोनदा घेतला. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित सापडले, तेही पुण्यात, आणि दाखल झाले नायडूतच. २२ मार्चला देशाने टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात नायडूतल्या एका परिचारिकेला पंतप्रधानांचा फोन आला आणि ते संभाषण देशभर ऐकवलं गेलं. शहराला अभिमान वाटला, तो रास्तच होता.

पण टाळ्यांचा आवाज विरायच्या आत देशभरातून दुसऱ्या बातम्या आल्या. परिचारिकांना घरमालक खोली सोडायला सांगत होते, सोसायट्या जिन्यात अडवत होत्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना कडक शिक्षा ठेवणारा अध्यादेश केंद्राला २२ एप्रिलला काढावा लागला. सेवासदनच्या समारंभातली हुर्यो आणि देवत्वाचा टिळा, दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला महिन्याभरात आले. त्या ऑगस्टमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचं जंबो रुग्णालय काही आठवड्यांत उभं राहिलं. मांडव, खाटा, प्राणवायूची नळी हे सारं आठवड्यांत उभं करता येतं. परिचारिका तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणून असलेल्यांनाच ताणलं गेलं. पीपीई किटमध्ये तासन्‌तास पाणीही न पिता काढलेल्या पाळ्या त्यांच्या वाट्याला आल्या. या दिवसांत ताण हलका करण्यासाठी परिचारिकांना जे सांगितलं गेलं, त्यात प्राणायाम, सकारात्मक विचार, छंद असं बरंच होतं. ते निरुपयोगी नाही. पण जिला आठवड्याची सुटीच मिळत नाही, तिने छंद कधी जोपासायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आपल्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट नोंदवलं, ते मनोविकारांच्या प्रकरणात नव्हे. त्याची जागा नोकरीशी संबंधित प्रश्नांत आहे आणि त्याचं कारण दिलं आहे ते कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला दीर्घ ताण. म्हणजे निदान बाईच्या स्वभावाचं नाही, तिच्या कामाचं आहे.

पुण्यातल्या आणि राज्यभरातल्या सरकारी परिचारिकांनी हेच आपल्या भाषेत मांडलं. मे २०२२च्या अखेरीस, करोनाची लाट ओसरल्यावर, त्या संपावर गेल्या. ससूनमध्येही काम थंडावलं. संपाचं मुख्य कारण होतं खासगी एजन्सीमार्फत होणारी कंत्राटी भरती. रिक्त पदं कायमस्वरूपी भरा, ही मागणी होती. ‘आम्हाला देवदूत म्हणा’ अशी मागणी कुणी केली नव्हती.

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक अनेक वर्षं छापील आहे: वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, म्हणजे दर पाळीला नऊ खाटांमागे एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के जास्त माणसं. पुण्यात कुणाला भेटायला सरकारी रुग्णालयात जाणं होईल, तेव्हा वाचकांनी वॉर्डाच्या दारात मिनिटभर थांबावं आणि खाटा मोजाव्यात. मग सिस्टर मोजाव्यात.